एका नजरेत मावेल एवढं शिवार

माघ लागला की निपाणीकडच्या तंबाखूच्या गाड्या बेळगावच्या रस्त्याला लागतात आणि अनगोळातल्या माझ्या खोलीत मला शिंका सुरू होतात. गाड्या काही माझ्या दारावरून जात नाहीत. त्यांचा रस्ता लांब, माझी गल्ली आडबाजूला. पण नाकाला कोण समजावणार? एक आली की पाठोपाठ तिची भावंडं. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणतात, "आली वाटतं हो तुमच्या गावाकडची मंडळी!" शिंकांना म्हणतात. दुसरी कुठली मंडळी माझ्याकडं येत नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर ही थट्टा. मी आपला हसतो, पंच्यानं नाक पुसतो आणि स्टोव्हवर एकट्यापुरता चहा टाकतो. एकट्यापुरता चहा करणं मोठं अवघड काम. भांड्याच्या बुडाला जेमतेम पाणी पसरतं आणि बघता बघता आटून जातं.

तंबाखूच्या गावात जन्मलेल्या माणसाला सुगी हाताला कळते. शेंडे खुडून आलेले हात चिकानं काळे झालेले असायचे. राखेनं घासा, मातीनं घासा, कडू ते कडूच. त्या हातानं मोडलेली भाकरी कडू, त्या हातानं पुसलेलं पोराचं तोंड कडू. आई म्हणायची, "आपल्या घरात गूळ बी कडू लागतोय गं बाई." म्हणायची आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकायची. आज माझ्या हाताला कुठला चीक नाही. औषधाच्या पाण्यात बोटं घालून घालून नखं तेवढी तपकिरी झाली आहेत. जीभ लावून बघितली तर तीही कडूच लागतात, पण ते कडू वेगळं.

लढाई संपल्यापासून बेळगावात कॅमेरेवाले उदंड झालेत. कॅम्पातले गोरे गाशा गुंडाळताना सामान फुंकून टाकतात, आणि आमचे वकिलांचे, मास्तरांचे चिरंजीव ते उचलून गळ्यात अडकवतात. परवा असाच एक आला. म्हणाला, "जांबोटीच्या रानाचे फोटो काढायचेत, वाइड अँगल लेन्स कुठली घेऊ?" मी त्याला सगळं रीतसर सांगितलं. बाबा रे, अशी लेन्स घेताना मधलं चित्र बघून भुलू नकोस, कोपरे बघ. मध्यभागी सगळ्याच गुणी असतात. एखादी सरळ भिंत बघ, ती काठाला वाकते का ते तपास. आणि जवळ काहीतरी धर, एखादा दगड, एखादं झुडूप, नाहीतर नुसतं आभाळ आणि माती हातात येईल. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, ते म्हणणाऱ्याजवळ रुंद भिंग नव्हतं. त्यातून डोंगर साजरे दिसत नाहीत, बारीक दिसतात.

त्याची नजर माझ्या फळीवर गेली. तिथं पितळेचं एक छोटं भिंग आहे, धूळ बसलेलं. "हेही वाइडच ना? यानं काय काय काढलंत?" मी म्हटलं, "एक फोटो." तो हसला, त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.  तो गेल्यावर भिंग खाली काढून पुसलं आणि खोलीत फार एकटं वाटलं.

ती सुगी लढाईच्या आधीची. मी बेळगावात एका फोटोच्या दुकानात कामाला होतो. दुकानात एक रंगवलेला पडदा होता. पडद्यावर महाल, महालापुढं तळं, तळ्यात हंस. त्या हंसापुढं खुर्ची ठेवायची, खुर्चीत वकील बसवायचा, वकिलाच्या हातात जाडजूड पुस्तक द्यायचं. पुस्तक आमचंच. बेळगावातल्या निम्म्या विद्वानांनी तेच एक पुस्तक धरलेलं आहे. मी काळ्या कापडाखाली डोकं घालून म्हणायचो, "हलू नका." या दोन शब्दांवर माझं पोट चालायचं.

घरी आप्पा आणि आक्का. आप्पा म्हणजे वडील. आक्का माझी थोरली बहीण, लग्नानंतर वर्षाभरात कपाळ पांढरं होऊन माघारी आलेली. आई जाऊन काही सुग्या झाल्या होत्या. निपाणीपासून चालत जाण्यासारखं गाव, गावाला लागून आमचं शिवार, आणि शिवारात विहिरीच्या काठावर आप्पांची बसायची जागा. माणूस देवळात बसत नाही तेवढा तिथं बसायचा.

संक्रांतीला गेलो तर गावात वेगळीच कुजबुज. आप्पा राम राम घेत नाहीत! आमच्याकडं एखाद्याचा राम राम न घेणं म्हणजे भांडणाचं आवतणच. समोरून येणाऱ्याला आप्पा हात जोडायचे, पण कडेनं कुणी राम राम घातला तर तसेच पुढं. आज याचा राम राम टाकला, उद्या त्याचा. पारावरच्या मंडळींनी निकाल लावून टाकला, "आप्पाला मस्ती आलीया. पोरगा बेळगावात सायबांचं फोटू काढतोय न्हवं!" मी कुठला सायबांचे काढतोय, मी हंसापुढं वकील बसवतोय; पण गावाला सांगायचं कुणी?

आक्कानं मला गोठ्यामागं नेलं. "दत्तू, आप्पाचं कायतरी बिनसलंय रं. उंबऱ्याला अडाकत्यात. परवा कालवड बसलीती, तिच्या अंगावरच गेलं. लोक म्हनत्यात पिऊन आलाय."

"आनि तंबाखू? पानं बघत्यात का न्हाय?"

"तेच कळंना बग. पानावर ठिपका धरला का न्हाय ते सगळ्यांच्या आदी त्येस्नीच दिसतंय. सुईत दोरा ववून दिला मला काल. आनि कालवड दिसंना!"

तंबाखूच्या पानावर तांबूस ठिपके धरले की पान पिकलं म्हणायचं, मग कापणी. तो ठिपका खसखशीएवढा. खसखस दिसते आणि कालवड दिसत नाही, असले डोळे आम्ही कधी ऐकले नव्हते. मी आप्पांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पडदे ओढून, दिवा धरून बराच वेळ बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, काचबिंदू आहे, कडेची नजर गेली, मधली थोडी राहिली आहे. गेलेली परत येत नाही आणि राहिलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

परतीच्या मोटारीत आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डाक्टरनं नवं काय सांगितलं रं? मला ठावं हाय. जात्याच्या तोंडातनं बगावं तसं दिसतंय. त्ये तोंड बुजत चाललंय."

"मग सांगितलं का न्हाय आप्पा? लोक काय काय बोलाय लागल्यात."

"बोलू देत. आंधळा म्हनन्यापरीस मस्तवाल म्हनल्यालं बरं."

 मला त्या वेळी जो हुंदका आला तो मी खोकल्यावर ढकलला. मोटारीत कापूस भरलेली पोती होती, खोकायला निमित्त आयतंच होतं.

आता नजर कमी झाली म्हटल्यावर माणसाला काय सुचतं? वस्तू मोठी करा. मलाही तेच सुचलं. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून, हार घालून भिंतीवर लावायची आमच्याकडं रीतच आहे. त्यावर तर आमचं दुकान उभं होतं. आईचा एकच फोटो होता, मी नवशिका असताना काढलेला, विड्याच्या पानाएवढा. तो मी चांगला हातभर मोठा केला, कुंकू रंगवलं, काच लावली आणि मोटारीत मांडीवर धरून गावी नेला. आक्कानं बघितला आणि पदर तोंडाला लावला. आप्पांपुढं धरला. त्यांनी तोंड अगदी काचेजवळ नेलं आणि वरून खाली, खालून वर असं फिरवायला लागले.

"कुक्कू हाय. ही नथ. ह्यो डोळा. ह्यो दुसरा डोळा..." मान थांबली. "दत्तू, गोळा हुईना रं माझ्यानं. ही एकदम कुटं हाय?"

मी मागं नेलं, उजेडात नेलं, तिरकं धरलं. डोळा आला की हनुवटी जायची, हनुवटी आली की कुंकू जायचं. शेवटी मी वैतागून चौकट भिंतीला टेकवली. नमुन्यासाठी आणलेला तो जुना छोटा फोटो खिशातच होता. काय वाटलं कोण जाणे, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात लांब केला, जरा इकडं तिकडं केला आणि एकदम चेहरा उजळला.

"ही बग! ही आली. पुरी आली."

किती तरी वेळ ते हात लांब करून बसले होते. हात दुखला असेल, पण खाली घेतला नाही. आक्का चुलीपाशी आणि मी उंबऱ्यावर, दोघंही तोंड फिरवून बसलो. आईची आठवण आप्पांना जास्त आली होती की आम्हांला, ते काही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकाठी बसल्यावर त्यांनी विषय काढला. समोर तंबाखू छातीएवढी उभी. आप्पांच्या जागेवरून डाव्या हाताला तवंदीचा घाट, मध्ये देऊळ आणि आमच्या घराचं कौल, उजव्या हाताला वेदगंगेच्या काठची झाडं, आणि या सगळ्याच्या पुढ्यात आमचं रान.

"पयलं हितं बसलं की सगळं एका टायमाला दिसायचं," ते म्हणाले. "आता देवळाकडं बगावं तर घाट जातोय, घाटाकडं बगावं तर नदी जातीया. मान फिरवून फिरवून जोडायचं किती? तुझ्या आईला बारकी केलीस न्हवं, तशी ही जिमीन बारकी करून दे मला. पीक उभं हाय तवर. फुडल्या सुगीला दिसंल असं काय वाटत न्हाय."

आप्पांनी उभ्या जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी घर सोडून बेळगावला निघालो तेव्हा 'राहा' असंही म्हणाले नव्हते. हे पहिलं मागणं, आणि ते वेळेला बांधलेलं. एकीकडं पानांवर ठिपके धरत होते आणि दुसरीकडं जात्याचं तोंड बुजत होतं.

दुकानातला कॅमेरा आणून मी लावून बघितला. त्याचं भिंग माणसाच्या तोंडासाठी केलेलं. त्यात देवळाचा कळस आणि चार सऱ्या मावल्या. मागं सरकावं तर पाठीशी विहीर. घाटावर चढून काढला असता तर सगळं शिवार आलं असतं, नाही असं नाही. पण ते घारीनं बघितलेलं शिवार. आप्पांना त्यांच्या बसल्या जागेचं पाहिजे होतं.

आमच्या दुकानाचे मालक भला माणूस, फक्त व्यवहारी. त्यांना सांगितल्यावर ते मला कॅम्पात घेऊन गेले. पलटणीच्या बँडचा एक म्हातारा गोरा मास्तर विलायतेला परत निघाला होता. व्हरांड्यात मेज मांडून त्यावर त्यानं आपला संसार मांडला होता: चहाची भांडी, बूट, बासरी आणि दोन भिंगं. बायको नव्हती, मुलं दिसली नाहीत. एकट्या माणसाचं सामान मेजावर मांडलं की फार थोडं दिसतं. तेव्हा मला त्याची कीव आली होती.

पहिलं भिंग भरदार, देवळातल्या घंटेसारखं. काच अशी स्वच्छ की विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटावं. दुसरं सुपारीएवढं. त्याच्या तोंडाशी एक चकती आणि चकतीला लहानमोठी भोकं. चकती फिरवून पाहिजे ते भोक काचेपुढं आणायचं. त्यातलं मोठ्यातलं मोठं भोक जोंधळ्याएवढं. दोन्ही भिंगं आळीपाळीनं कॅमेऱ्याला लावून मी काळ्या कापडाखाली शिरलो. पहिल्यातून मैदान लख्ख दिसलं, पानन् पान मोजून घ्यावं असं, पण झाडांच्या रांगेची दोन्ही टोकं कापलेली. दुसरं लावलं आणि सगळा अंधार. म्हटलं, संपलं! पण तसाच थांबलो. कापडाखाली डोळे हळूहळू सरावले तसं काचेवर उलटं चित्र उमटायला लागलं: झाडांची अख्खी रांग, तिच्यामागं चर्चचं टोक, अख्खं मैदान, आणि शेवटी आमच्याच व्हरांड्याचा कठडासुद्धा. सगळं बारीक, सगळं दूर, कोपरे धुरकट, पण सगळं.

"दत्ता, पहिलं घे," मालक म्हणाले. "जरा रुंद आहे, उजेडही भरपूर घेतं. लग्नं निघतील, शाळेचे वर्ग निघतील, जन्माची भाकरी आहे. दुसऱ्यात काय आहे? डोंगर पोखरून उंदीर निघतो ऐकलं होतं, हे तर न पोखरताच उंदीर करतंय. माणूस मुंगीएवढा येतो यात. मुंगीचा फोटो कोण काढून घेणार?"

बोलणं खोटं नव्हतं. शिवाय दुसऱ्यात एक खोट होती. उजेड इतका थोडा घेणार, म्हणजे भिंगाचं टोपण बराच वेळ काढून ठेवायचं. तेवढ्यात वारा सुटला की उभ्या तंबाखूची पानं हलणार आणि शिवाराचं पिठलं होणार. पहिल्यानं फोटो हमखास निघाला असता, पण घाट तरी गेला असता किंवा नदी तरी. आप्पांचे डोळे नेमके तेच करत होते. मग भिंगाचा उपयोग काय?

मी म्हटलं, "मला मुंगीच पाहिजे."

"हौसेला मोल नाही बाबा!" मालकांनी कपाळाला हात लावला. बँडमास्तरनं ते सुपारीएवढं भिंग फडक्यात गुंडाळून दिलं आणि माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही, त्यालाही फारसं सांगायचं नसावं. पुढं कितीतरी दिवस त्याच्या बासरीचं काय झालं असेल असं माझ्या मनात यायचं.

फोटोच्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास आम्ही विहिरीवर होतो. सूर्य पाठीशी, उजेड कोवळा, आणि नशिबानं वारा पडलेला. पानं जडशीळ, दवानं ओली. आप्पांना आधी कापडाखाली घेऊन दाखवायला गेलो, तर भिंग मिणमिणतं, त्यांना नुसता काळोख दिसला. बाहेर आले आणि म्हणाले, "ह्येच्यापरीस माझं डोळं बरं हाईत की रं." आक्का खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती.

मी सगळ्यांना सांगितलं, जिथं आहात तिथं उभे राहा. आक्का घराच्या वाटेवर, डोक्यावर पाटी. कामाच्या बाया सरीत. चिकोडीकडचा एक गाडीवान बांधाशेजारी गाडी सोडत होता. तो बैलांशी कानडीत आणि माणसांशी मराठीत भांडायचा. त्यानं बैलांच्या कानात काय सांगितलं देव जाणे, बैल दगडासारखे उभे राहिले. मी टोपण काढलं. सगळं शिवार थांबलं. कुणी खोकलं नाही, कुणी शिंकलं नाही, आणि हे तंबाखूच्या रानात बरं का! माझ्या शेजारी आप्पा खाली बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "त्येला दिसतंय व्हय रं आता?"

"दिसतंय."

"समदं?"

"समदं, आप्पा."

मग तेही निमूट बसले, आणि मी टोपण लावलं. त्याच दुपारी बाजूच्या रानात कोयता लागला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या.

बेळगावला अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी त्या फोटोची काच औषधाच्या पाण्यात हलवत होतो. काचेवर पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं होतं; आधी आभाळ काळं आलं, मग घाटाची ओळ, मग देऊळ. पान हललं नव्हतं. एकही नाही! मी मोठ्यानं ओरडलो, "आलं!" आणि मग गप्प उभा राहिलो. दार बंद, दुकान बंद. आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावा लागतो, नाहीतर तो आंबतो, हे मला त्या दिवशी कळलं. आजही एखादी काच झकास उतरते. मी आजही "आलं!" म्हणतो. शेजारच्या काकूंना वाटतं शिंक आली.

आप्पांची नजर त्याच उन्हाळ्यात पुरती गेली. त्यानंतर ते थोडी वर्षं जगले, विहिरीवर बसूनच. गावाला सगळं कळल्यावर माणसं अगदी समोर येऊन, हात धरून राम राम घालायची, आणि आप्पांना तेच नकोसं व्हायचं. मग ते गेले, लढाईच्या मधल्या सालात आक्काही गेली. रान आता चुलतभाऊ कसतो. 'ये की' म्हणतो, मनापासून म्हणतो; पण माणूस रानाकडं जात नाही, रानात बसलेल्या माणसाकडं जातो. माघातल्या शिंका तेवढ्या माझ्या वाटणीला आल्या.

पण त्या सुगीत अजून जात्याचं तोंड उघडं होतं. फोटो कागदावर उतरवून, उन्हात तांबूस करून, मी पहिल्या मोटारीनं निघालो. विहिरीवर पोचलो तर सगळं रान मोकळं झालेलं. कापलेली तंबाखू जमिनीवर ओळीनं वाळत घातलेली, तिच्या वासानं डोळ्यांना धार लागलेली. आप्पा जागेवर होते. मी फोटो हातात दिला. तळव्यात मावेल एवढाच ठेवला होता, मुद्दाम.

त्यांनी हात लांब केला. थोडा वर, थोडा डावीकडं. थांबला.

"घाट," ते म्हणाले. मग हात बोटभर सरकला. "देऊळ. आपलं घर, धूर निगतोय बग. नदीची झाडं. ही चिकोडीवाल्याची गाडी. आनि ही..." आवाज फुटला. "ही आक्का! पाटी घेऊन उबी हाय. राईएवडी हाय, पर आक्काच हाय." "समदं आलं रं दत्तू. एका नजरंत आलं."

मला वाटलं, झालं. ज्यासाठी केला अट्टहास ते पुरं झालं. मी त्यांच्या शेजारी बसलो. पण आप्पांचा हात खाली आला नाही. ते अजून शोधत होते, घाटापासून नदीपर्यंत आणि नदीपासून घाटापर्यंत.

"तू कुटं हाईस?"

"मी कॅमेऱ्याच्या मागं होतो, आप्पा."

"म्हंजे न्हाईस."

"फोटू काढनारा फोटूत कसा येनार?"

"न्हाईस म्हन की मग."

त्यांनी फोटो जपून कोपरीच्या खिशात घातला आणि माझ्याकडं वळले. मग आईच्या फोटोपुढं फिरवलं होतं तसं तोंड माझ्या तोंडापुढं फिरवायला लागले. त्यांचा श्वास मला लागत होता.

"नाक हाय. ही मिशी. ह्यो कान," ते म्हणाले. "तुला पुरा बगून लई दिस झालं. जवळ असतोस तवा असा तुकड्या-तुकड्यानं दिसतोस. आनि लांब असतोस तवा बेळगावात असतोस."

 मी म्हणालो, "मी माझा बारका फोटू काढून आनतो."

"फोटू नगं. आत्ता हाईस न्हवं हितं?" त्यांनी माझ्या छातीला हात लावून हलकेच लोटलं. "जा. रानात जा. माझ्याकडं तोंड करून मागं सर."

मी उठलो. वाळत घातलेल्या पानांवर पाय पडू नये म्हणून मोकळ्या सरीतनं, उलट्या पावलांनी निघालो.

"डोस्कं आलं," ते ओरडले. "सर आनि."

मी सरलो.

"छाती आली. हात न्हाय आलं. सर!"

विहीर लहान व्हायला लागली. आप्पा लहान व्हायला लागले. त्यांचा फेटा, त्यांचं टेकून बसणं, लांब केलेलं बोट. "आनि मागं! पाय राह्यल्यात!" हाक बारीक व्हायला लागली. सरी संपली. मागं बांध लागला, बांधावर चढलो. तिथून त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, नुसता फेट्याचा पांढरा ठिपका.

मग रानावरून हाक आली, आनंदानं फुटलेली, लहान पोरासारखी. "आलास! दत्तू, पुरा आलास रं!"

माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती तंबाखूची नव्हती. पुसायला मी हात उचलला नाही. आप्पा बघत होते.